महानंदाबाईंनी परमुलुखी लेकरू उचलिले, त्याची हकीकत

श्रीशंभुमहादेव साक्ष. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख मास, इकडे ऊन भाजून काढीत असता पश्चिमेच्या खंडात जी मोहीम जाहली आणि त्या मोहिमेत जे भय उठले, ते कोठून उठले व कोठवर गेले, हे विचारणारांनी विचारिले, सबब जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही आणि लाजेस्तव गाळिलेही नाही.

राज्य लहान, त्याचे नाव सांगून प्रयोजन नाही. मूळ गादी बालाघाटाच्या पठारावर तेरणा नदीच्या खोऱ्यात, तेथे ज्येष्ठ महाराज गुरुलिंगअप्पा बिराजदार काळी जमीन आणि दोन म्हशी राखून होते. आणि त्यांचे चिरंजीव मन्मथराव पुणे प्रांती सातव्या मजल्यावर राहून संगणकाची चाकरी करीत होते. मन्मथरावांच्या राणी रेवतीबाई, इंग्रजी बोलण्यात तरबेज आणि घरात बोलण्यात नेमक्या. आणि उभयतांची कन्या गिरिजाबाई, वय पाच, राज्यात हुकूम चालावा तर तिचाच. आणि मन्मथरावांच्या मातुश्री महानंदाबाई, अप्पांच्या पत्नी, ज्यांची ही हकीकत. बाई कामास वाघीण, शब्दास थोड्या. परंतु एक गोष्ट राज्यात सर्वांस ठाऊक होती आणि कोणी तोंडावर आणीत नसे, ती ही, की बाई पक्क्या छताखाली निजत नसत. गावी अंगणात पत्र्याच्या छपरीत निजत, आणि पुण्यास लेकाकडे आल्या म्हणजे दाराच्या उंबऱ्याशी सतरंजी टाकीत, उशाशी चपला ठेवीत आणि दाराची कडी काढून ठेवीत. रेवतीबाई म्हणत, "आई, चोर येतील." बाई म्हणत, "येऊ दे. चोर दारानंच येतंय." आणि मन्मथराव हसत.

याचे कारण ऐसे, की मन्मथराव जन्मले त्याच्या आदल्या साली, अनंतचतुर्दशीचे गणपती बोळवून गाव थकून निजला असता, पहाट फुटण्याआधी धरणीकंप जाहला आणि दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे निजलेल्या माणसांवर आली. गाव राहिला नाही. ज्या घरात दहा माणसे होती तेथे दोन उरली, आणि ज्या घरात दोन होती तेथे दिवा लावण्यास कोणी उरले नाही. महानंदाबाईंस अप्पांनी मातीतून उपसून काढिले, आणि त्यांची पहिली कन्या काशी, वय दोन वर्षांचे, ती निघाली तेव्हा गेलेली होती. मग सरकारने नवा गाव वसविला, सरळ रस्ते आणि एकसारखी घरे दिली, आणि त्या नव्या घरात मन्मथराव वाढले. त्यांस इतुके ठाऊक होते, की आपणास एक बहीण होती आणि ती त्या रात्री गेली. याहून अधिक त्यांनी विचारिले नाही आणि मातुश्रींनी सांगितले नाही आणि अप्पा तर मुळातच गप्प मनुष्य. धरणीकंप हा शब्द त्या घरात उच्चारिला जात नसे. म्हणायचेच जाहले तर बाई "ते" म्हणत. "ते व्हायच्या आधी," "ते झाल्यावर," ऐसे.

मग या मोहिमेच्या साली मन्मथरावांस बढती मिळाली आणि त्यांनी मनी घेतले, की मातुश्रींनी जन्मात तुळजापूर आणि कपिलधार यापलीकडे काही पाहिले नाही, तरी त्यांस एकदा विलायत दाखवावी. अप्पांस विचारिले, तर ते म्हणाले, "म्हशी कुणावर टाकू? तुम्ही जाऊन या." मग परवाने जाहले, ठसे दिले गेले, ज्वारीच्या दशम्या आणि शेंगाचटणी यांचे डबे भरिले गेले, आणि राज्य विमानात बसून पश्चिमेस उतरले. नगर समुद्राच्या तोंडाशी, रुंद नदीच्या काठी, टेकड्यांवर वसलेले. रस्ते उभे, घरांच्या भिंतींस निळ्या चितारलेल्या फरश्या, आणि उतारावरून लहान पिवळ्या ट्रामगाड्या किरकिरत येत. नगर देखणे. गिरिजाबाई नाचू लागल्या, रेवतीबाईंनी चित्रे टिपिली, आणि महानंदाबाईंनी पहिल्या प्रथम घरांकडे पाहिले, ती एकमेकांस खेटून किती उंच उभी आहेत ते, आणि पदर घट्ट केला.

मग संग्रहालयांची मोहीम आरंभिली. एके ठायी जुन्या राजांचे रथ होते, सोन्याने मढविलेले. एके ठायी फरश्याच फरश्या. एके ठायी जहाजांचे नकाशे आणि तोफा. मन्मथराव पुढे चालून माहिती वाचीत, रेवतीबाई मराठीत समजावीत, आणि बाई मान डोलवीत, परंतु त्यांची नजर वस्तूंवर नसे. कोणत्याही दालनात पाऊल टाकिले की त्या आधी वर पाहत, मग दार कोठे ते पाहत, आणि मग दाराशीच उभ्या राहत. सोन्याच्या रथापुढे जगातील माणसे तोंडे वासून उभी असता बाईंनी विचारिले, "ही इमारत किती वर्साची हाय?" रेवतीबाई फलक वाचून म्हणाल्या, "दोनशेच्या वर झाली, आई." बाई म्हणाल्या, "मंग लई झालं की." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. फरश्यांच्या संग्रहालयात खालून भुयारी गाडी गेली आणि जमीन किंचित थरकली. दालनात शंभर माणसे असतील, कोणास काही समजले नाही, बाईंच्या मात्र तळपायांस समजले, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा जाहला आणि त्यांनी गिरिजाबाईंचा हात ऐसा धरिला, की पोर ओरडली, "आजी, दुखतंय!" तेथील पहाऱ्यावरील वृद्ध स्त्रीने दया येऊन खुर्ची दिली. बाईंनी खुर्ची उचलिली आणि दाराच्या चौकटीत नेऊन ठेविली आणि तीवर बसल्या, आणि येणारेजाणारे वळसा घालून जाऊ लागले. मन्मथरावांस लाज वाटली. ती लाज पुढील मसलतीचे मूळ जाहली.

त्या दिवशी मुक्कामी परतल्यावर, मातुश्री गिरिजाबाईंस घेऊन खाली बागेत बसल्या असता, मन्मथरावांनी रेवतीबाईंस फोनवर एक चित्र दाखविले. त्या नगरीही पूर्वी, पेशवाईच्या काळी, महान धरणीकंप जाहला होता आणि अर्धे नगर पडिले होते. त्याचे एक संग्रहालय होते आणि त्यात एक दालन ऐसे, की ते यंत्राने हालते, जेणेकरून पाहणारास तो प्रसंग अंगावर अनुभवता यावा. रेवतीबाईंनी पाहिले आणि विचारिले, "आईंना सांगितलंस?"

मन्मथराव म्हणाले, "सांगितलं तर येणारच नाही."

"मग नको नेऊ."

"अगं, तीस वर्षं झाली. किती दिवस ती दारात बसणार? एकदा कळू दे तिला, की जमीन हलते, थांबते, दिवे लागतात आणि माणसं हसत बाहेर येतात. भीती अशीच निघते. मी वाचलंय."

रेवतीबाई म्हणाल्या, "कुठं वाचलंस? मन्मथ, ती तुझी आई आहे."

मन्मथराव म्हणाले, "म्हणूनच. तू फक्त तिच्याजवळ बोलू नकोस."

आणि रेवतीबाई बोलल्या नाहीत. त्यांच्या मनात रात्रभर टोचत राहिले, परंतु त्यांनी विचार केला, की लेक आहे, आईस आपल्याहून अधिक तोच ओळखतो. होणारास हाच रस्ता सापडतो, की जाणता मनुष्य गप्प राहतो आणि नेणता मनुष्य पुढे होतो.

दुसरे दिवशी सकाळी राज्य त्या संग्रहालयास गेले. दाराशी बाईंनी विचारिले, "आत काय हाय?" मन्मथराव म्हणाले, "जुनं शहर कसं होतं ते दाखवतात, आई. सिनेमासारखं." हे खोटेही नव्हते. पहिल्या दालनात जुना बाजार मांडिला होता, टोपल्या, मासे, मसाल्यांचा वास, दुसऱ्यात जुनी भांडी, आणि बाई त्या मोहिमेत प्रथमच वाकून पाहू लागल्या आणि म्हणाल्या, "ही बग गिरिजा, आपल्यासारखी तवली." मन्मथरावांनी रेवतीबाईंकडे पाहिले, की पाहा, सर्व ठीक आहे. मग शेवटचे दालन आले. ते जुन्या घरासारखे केलेले, भिंतीस फळ्या, फळ्यांवर भांडी, मध्ये लांब मेज आणि दोहो बाजूंस बाके. पाहणारे तीस असतील. मन्मथराव आणि रेवतीबाई गिरिजाबाईंस घेऊन मागील बाकावर बसले, आणि बाईंनी आपल्या नेमाप्रमाणे दाराजवळचे टोक धरिले. त्यांच्या शेजारी एक परदेशी लेकरू, मुलगी, पिवळा झगा, वय गिरिजाबाईंहून लहान. आणि तिच्या पलीकडे तिची आई, हाती फोन उंच धरून चित्रण करीत होती. मग सेवकाने दार ओढून लाविले. बाई मागे वळून मोठ्याने म्हणाल्या, "मन्मथ, दार का लावलं?" आणि मन्मथराव काही बोलणार, तोच दिवे गेले.

आधी आवाज आला. ज्यांनी तो आवाज जन्मात एकदा ऐकिला आहे ते सांगतात, की तो कानांनी ऐकू येत नाही. पोटातून येतो, जणू जमिनीखालून शेकडो रिकाम्या गाड्या दौडत येत आहेत. यंत्र करणारांनी तो आवाज मेहनतीने केला होता आणि तो बरोबर जाहला होता. अजून जमीन हालली नव्हती. लोक अंधारात हसत होते, कोणी गमतीने किंचाळत होते. आणि मग बाके हालली, फळ्यांवरील भांडी खणखणली, वरून मातीसारखे काही पडल्याचा आवाज जाहला, आणि त्या आवाजात एक आवाज निराळा उठला, तो मराठीत होता. "उठा! उठा! बाहेर! मोकळ्यावर!" आणि महानंदाबाईंनी अंधारात हात घातला आणि जे लेकरू हातास लागले ते एका हाताने उपसून छातीशी धरिले आणि दाराकडे झेप घेतली. दार उघडेना. त्यांनी खांदा मारिला, लाथ मारिली, दार उघडेना. मग त्या दाराच्या चौकटीत गुडघ्यांवर पडल्या आणि लेकरास खाली घेऊन त्यावर पाठीची कमान केली, आणि तशाच राहिल्या.

दिवे लागले. जमीन थांबली. लोक हसत उठू लागले, आणि मग एका स्त्रीची किंकाळी उठली आणि कोणी हसेना. पिवळ्या झग्याचे लेकरू बाईंच्या खाली होते आणि रडत होते आणि त्याचा डावा हात लुळा लोंबत होता. त्याची आई बाईंच्या पाठीवर मुठी मारू लागली, सेवक धावले, दोघांनी बाईंचे दंड ओढिले, परंतु बाई सुटेनात. मन्मथराव बाके ओलांडून आले आणि मातुश्रींपुढे गुडघे टेकून म्हणाले, "आई, सोड तिला! खोटं आहे हे! अगं खेळ आहे, यंत्र आहे, काही झालं नाही!"

बाईंनी मान वर केली. त्यांचे डोळे उघडे होते परंतु लेकास ओळखीत नव्हते. त्या म्हणाल्या, "तुझा बाप बी असंच म्हनला. काय न्हाई म्हनला. टरक गेला आसंल, झोप म्हनला. मी काशीला उचलली होती रं. उचलली होती अन् परत खाली ठिवली."

जे मन्मथरावांनी ऐकिले ते इतर कोणास समजले नाही, समजले ते फक्त रेवतीबाईंस, आणि त्यांनी गिरिजाबाईंस छातीशी दाबून पुढे येऊन सासूच्या कानाशी हळू म्हटले, "आई, दार उघडलंय. बघा. बाहेर ऊन आहे." बाईंनी उजेड पाहिला. तेव्हा हात सुटले.

मग त्या संग्रहालयाच्या कचेरीत राज्यास बसविले गेले. कचेरी लहान, एक खिडकी, भिंतीवर घड्याळ. शेजारच्या खोलीत लेकरू आणि त्याची आई, आणि त्या खोलीतून रडण्याचा आवाज सारखा येत होता. कचेरीचे अधिकारी इंग्रजीत म्हणाले, की शिपाई बोलाविले आहेत, मुलाच्या अंगास इजा जाहली आहे, ही गोष्ट आमच्या हाती नाही. मन्मथरावांस भय पडिले. परका मुलूख, परकी भाषा, मातुश्रींस कैद जाहली तर कोणास विचारावे, कोठे धावावे; आणि त्या भयाहून मोठे भय आणखी एक होते, ते हे, की आपण आईस येथे आपल्या हाताने आणिले. त्यांस आईकडे पाहवेना. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, केस सुटलेले, गुडघे खरचटलेले, आणि कान शेजारच्या भिंतीकडे.

त्यांनी विचारिले, "रेवती, लेकरू हाय का?"

रेवतीबाई म्हणाल्या, "आहे, आई. हाताला लागलंय फक्त."

"रडलालंय," बाई म्हणाल्या. "रडलालंय म्हंजे हाय. रडू दे." आणि त्या भिंतीकडे कान देऊन ऐकत राहिल्या, जणू तो रडण्याचा आवाज हाच त्यांचा श्वास होता. मग शिपाई आले, एक तरुण आणि एक पोक्त बाई, कमरेस पिस्तूल, आणि त्यांनी पारपत्रे मागितली, नावे विचारिली. मन्मथरावांनी पारपत्रे मेजावर ठेविली. शिपाईबाईने विचारिले, की यांनी ते मूल का पळविले. रेवतीबाई उत्तर जुळवीत असता, शेजारच्या खोलीतील रडणे एकाएकी थांबले.

महानंदाबाई उठल्या. त्यांची खुर्ची मागे पडली. "का थांबलं?" त्या म्हणाल्या. "रेवती, का थांबलं? रडनं का थांबलं?" आणि कोणी उत्तर देण्याआधी त्या दाराकडे गेल्या आणि तरुण शिपायाने वाट अडविली तर त्याचा हात झटकून, शिपायाने पुन्हा धरिले तर त्यास ओढीत, शेजारच्या दारापर्यंत गेल्या आणि दार ढकलून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. आत परिचारिका होती. लेकराच्या कोपराचा सांधा निसटला होता, तो तिने नुकताच वळवून जागी बसविला होता, आणि बसताक्षणी वेदना गेल्याने लेकरू गप्प जाहले होते. ते मेजावर बसून बिस्कीट खात होते. त्याने बाईंकडे पाहिले आणि ते भ्याले आणि पुन्हा रडू लागले. आणि तो आवाज ऐकताच महानंदाबाई त्या उंबऱ्यातच खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. तीस वर्षांत त्यांस रडताना कोणी पाहिले नव्हते.

लेकराच्या आईने हे सर्व पाहिले. तिने आधी लेकरास जवळ घेतले आणि मागे सरली. मग तिने रेवतीबाईंस इंग्रजीत विचारिले, "माझीच मुलगी का? यांनी तिलाच का धरलं?"

रेवतीबाईंनी तो सवाल सासूस सांगितला. बाई पदराआडून म्हणाल्या, "हाताला लागली ती. अंधारात आपलं-परकं दिसतंय का?"

मग रेवतीबाईंनी हे सांगितले आणि त्यापुढचेही सांगितले, गाव, रात्र, भिंती, दोन वर्षांची काशी. आणि जे त्या सांगत होत्या त्यातील अर्धे त्यांस स्वतःस नुकतेच कळले होते. ती स्त्री ऐकत राहिली. मग शिपाईबाईकडे वळून तिने आपल्या भाषेत काही म्हटले, आणि शिपाईबाईने इंग्रजीत सांगितले, की या म्हणतात, त्यांची तक्रार नाही. आणि त्या आणखी म्हणतात, की दिवे गेले तेव्हा त्या स्वतः मुलीच्या शेजारीच होत्या आणि त्यांच्या दोन्ही हातांत फोन होता. एवढे बोलून त्या स्त्रीने लेकरास कडेवर घेतले आणि निघाली. क्षमा केली ऐसे तिच्या तोंडावर दिसले नाही आणि राग आहे ऐसेही दिसले नाही. ती फार घाईने गेली, जशी माणसे जळत्या घरापासून जातात. मग शिपायांनी नावे टिपून, पुन्हा या इमारतीत पाऊल टाकू नये ऐसे बजावून, राज्यास सोडिले.

तेथून राज्य कोठे न वळता नदीकाठच्या मोठ्या मोकळ्या चौकात आले, जेथे चोहीकडे आकाश आणि समोर पाणी. बाई पाण्याच्या कठड्यापाशी बसल्या. गिरिजाबाई आजीच्या मांडीवर जाण्यास निघाल्या आणि मध्येच थबकल्या, मग आईच्या मागे लपल्या; आणि ते बाईंनी पाहिले. मन्मथराव पुढ्यात येऊन बसले आणि म्हणाले, "आई, मला माहीत होतं आत काय आहे ते. मला वाटलं होतं..."

बाई म्हणाल्या, "तुला काय ठावं? तू नव्हतास."

"मलाही माहीत होतं, आई," रेवतीबाई म्हणाल्या. "मी बोलायला हवं होतं. बोलले नाही."

बाईंनी सुनेकडे पाहिले. मग म्हणाल्या, "बोलावं, बाई. बोलायचं ऱ्हायलं की मंग ते ऱ्हातंयच." आणि नंतर नदीकडे पाहत, कोणी न विचारिता, त्यांनी ती रात्र सांगितली. की त्या आधी वर्षभर बारीक बारीक धक्के येतच होते आणि लोक भिऊन भिऊन थकले होते आणि मग सवय जाहली होती. की त्या रात्री आधी आवाज आला आणि त्यांस जाग आली आणि त्यांनी काशीस उचलून खांद्यावर टाकिले आणि दाराकडे निघाल्या. की अप्पा अंधारातून म्हणाले, टरक गेला असेल, झोप. की त्या थांबल्या, आणि आपणच उगीच भितो ऐसे त्यांस वाटले, आणि त्यांनी लेकरू पुन्हा भिंतीकडेच्या गोधडीवर ठेविले आणि त्याच्या पाठीवर थोपटीत बसल्या. आणि पाठीवर हात असतानाच भिंत आली. "हात निघाला माझा," बाई म्हणाल्या, "ती न्हाई निघाली. आधी रडली. मंग थांबली." मन्मथरावांनी विचारिले, "अप्पांना कधी म्हणालीस हे?" बाई म्हणाल्या, "काय म्हनू? त्यांनी नखं फुटस्तोवर माती उपसली. त्यांच्या ध्यानात तरी हाय का, काय म्हनले ते. झोपेत म्हनले आसतील."

ऐसे बोलत असताच मन्मथरावांचा फोन वाजला. गावाकडे तेव्हा सांज जाहली होती, आणि अप्पांचा नेम, म्हशींची धार काढून जाहली म्हणजे लेकास फोन करावा आणि मोहिमेची हालहवाल घ्यावी. मन्मथरावांनी नाव पाहिले. त्यांस वाटले, फोन घेऊ नये, बंद करावा, नदीत टाकावा; तीस वर्षे ज्या दोन माणसांनी एक ताट, एक अंगण आणि एक मूठमाती वाटून घेतली, ती या शब्दाने आज तुटतील, आणि तोडणारा मी. बाईंनी हात पुढे केला. मन्मथराव म्हणाले, "आई, नको. आज नको." बाई म्हणाल्या, "दे."

फोन त्यांनी कानास लाविला. तिकडून अप्पांचा आवाज, लांबून, खरखरीत, सर्वांस ऐकू येत होता. "काय बगितलं आज?"

बाई नदीकडे पाहत होत्या.

"ऐकू येतंय का?"

"येतंय," बाई म्हणाल्या. "अहो. त्या राती मी काशीला उचलली होती. दारापतूर गेले होते. तुम्ही झोप म्हनलाव."

तिकडे म्हशीच्या साखळीचा आवाज आला आणि थांबला. मन्मथरावांनी डोळे मिटले. रेवतीबाईंनी त्यांचा हात धरिला. मग अप्पा म्हणाले, "म्हनलो."

"ध्यानात हाय तुमच्या?"

"टरक गेला आसंल म्हनलो," अप्पा म्हणाले. "त्या वक्ताला त्या रस्त्यानं टरक येत नव्हता. मला ठावं होतं. पर अंग दुखत होतं, डोळा उघडंना." मग म्हणाले, "तू कवाच त्याचं नाव काडलं न्हाईस. मला वाटलं, डोक्याला मार लागलाय, तुझ्या ध्यानात न्हाई ते. रोज सांजंला म्हादेवाला एकच मागत आलो, की तिच्या ध्यानात येऊ देऊ नको. रोज भेव वाटायचं. तू चुलीपशी गप बसलीस की वाटायचं, आलं आज. तू हाक मारलीस की वाटायचं, हे बग, आलं."

बाई म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हीच इसरलाव."

"न्हाई," अप्पा म्हणाले.

समोर नदीत एक मोठे गलबत भोंगा वाजवीत समुद्राकडे निघाले होते आणि पाखरे उठली होती. बाईंनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी विचारिले, "जेवलाव का?"

"भाकरी हाय. आता जायची न्हाई ती."

"दुधात कुस्करून खावा. उपाशी झोपू नका."

"खातो."

"आन् फोन ठिवू नका," बाई म्हणाल्या.

अप्पांनी ठेविला नाही. तिकडे ताटलीचा आवाज आला, इकडे पाण्याचा. आणि मन्मथराव, रेवतीबाई आणि गिरिजाबाई थोडे दूर सरून उभे राहिले, आणि बाई फोन कानास धरून बसून राहिल्या, तो त्यातील बॅटरी संपेपर्यंत.

एवढी ती मोहीम. लेकराचा हात बरा जाहला ऐसे मागाहून समजले. दंड जाहला नाही, कैद जाहली नाही, आणि राज्य चारही माणसांनिशी परतले. गुरुलिंगअप्पा, जे पाऊल बाहेर घालीत नसत, ते म्हशी शेजाऱ्यावर टाकून विमानतळापर्यंत आले होते आणि गर्दीत टोपी हाती धरून उभे होते. महानंदाबाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. कोण आधी बोलले हे लिहिणाऱ्यास ठाऊक नाही. इति.